टपावरचा बर्फ

बर्फ पडून गेल्यावर न्यू जर्सीत लोक गाड्या कशा साफ करतात, ते सकाळी खिडकीतून बघावं. पत्रिका बघायची गरज उरत नाही. काही जण ड्रायव्हरच्या समोर थाळीएवढं भोक पाडतात, त्यातून एक डोळा लावतात आणि निघतात. बाकीच्यांच्या काचा लखलखीत, पण टप तसाच. काच पुसली नाही तर आपल्याला दिसत नाही. टपावरचा बर्फ हा मागच्याचा प्रश्न!

आता हा प्रश्न साधा नसतो. टपावर फूटभर ताजा बर्फ म्हणजे अख्ख्या माणसाचं वजन. आतल्या हीटरने तो खालून वितळतो, पुन्हा गोठतो, आणि हायवेवर वेग घेतला की लादीच्या लादी उडून मागच्याच्या काचेवर. जोरात ब्रेक दाबला तर मात्र सगळा आपल्याच काचेवर घसरतो. एवढा तरी न्याय आहे.

2010 पासून इथे त्यासाठी कायदाच आहे. बर्फ न काढता गाडी रस्त्यावर आणली तर तो उडो न उडो, 25 ते 75 डॉलर दंड. उडून कुणाला लागलं किंवा कुणाचं नुकसान झालं, तर 200 ते 1000. मालवाहू ट्रक असेल तर 500 ते 1500.

हे मी सासऱ्यांना सांगितलं. सांगलीहून आलेले, विक्रीकर खात्यातून निवृत्त, आणि अमेरिकेतला पहिलाच हिवाळा. त्यांचा उपाय तयार होता: "जावईबापू, बंबातलं कढत पाणी ओता की एक बादली." बंब नव्हता म्हणून काच वाचली. गोठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं की ती तडकते, हे त्यांना पटेना. मग ते स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आले. ते हिने काढून घेतलं; काचेला चरे पडतील म्हणून नव्हे, उलथनं नवीन होतं म्हणून. शेवटी मी लांब दांड्याचा फोमचा ब्रश हातात दिला. इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरच्या नळीचं तोंड मोकळं करायचं, नाहीतर विषारी धूर गाडीत शिरतो, ही एक गोष्ट मात्र त्यांनी विनातक्रार मान्य केली. बाकी टप, बोनेट, डिकी, दिवे, नंबरप्लेट त्यांनी अशी घासली की गाडी विकायला काढलीय असं शेजाऱ्याला वाटलं.

मग आम्ही ब्रिजवॉटरच्या बालाजीला निघालो. 287 नंबरच्या हायवेला लागलो आणि सासऱ्यांमधला विक्रीकर खात्याचा माणूस जागा झाला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ती लाल गाडी, पंचाहत्तर. ती पांढरी, पन्नास धरू, निम्मा टप साफ आहे. ट्रकवाला… अजून उडालं नाही, पेंडिंग ठेवू."

देवळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी बेरीज केली, रुपयांत फिरवली, आणि कितीतरी वेळ गाडीतून उतरलेच नाहीत.

"एवढी वसुली समोरून चाललीय," ते म्हणाले, "आणि पोलीस एकसुद्धा नाही?"