नसलेल्या यंत्रांची परीक्षा

संगणकाला वीज मिळाल्यापासून मुख्य कार्यप्रणाली सूत्रे हाती घेईपर्यंतचा अल्पकालीन कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामास बूटलोडर म्हणतात. त्याचे काम बिनबोभाट पार पडले तर त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि फसले तर नाव घ्यायला पडद्यावर काही उमटतच नाही. या वर्गातील यू-बूट हा मुक्त प्रोग्राम वोल्फगांग डेंक यांनी नावारूपाला आणला. 2002 साली त्याला हे नाव मिळाले आणि आज तो हजाराहून अधिक बोर्डांवर चालतो. आर्म, मिप्स, पॉवरपीसी, एक्स86, रिस्क-व्ही अशी ज्यांची घराणी, त्या प्रोसेसरांची जागे होण्याची तऱ्हाही निरनिराळी असते. एक्स86 आपली पहिली आज्ञा 4 गिगाबाइटच्या हद्दीला अवघे 16 बाइट उरले असताना शोधतो, आणि कितीही महागडा असला तरी प्रथम 1978 सालच्या 8086 चेच सोंग घेऊन उभा राहतो. काही प्रोसेसर स्मृतीत संख्येचा मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान. मराठी माणूस 25 लिहिताना दोन आधी लिहितो आणि वाचताना पाच आधी उच्चारतो, म्हणून दोन्ही पंथ त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. प्रोग्रामला मात्र हा उदारपणा साधत नाही, आणि आर्मसाठी केलेली निरुपद्रवी दुरुस्ती पॉवरपीसीच्या मुळावर येते.

यावरचा उपाय म्हणजे सीआय, अर्थात प्रत्येक बदल स्वीकारण्यापूर्वी सर्व्हरने तो आपोआप बांधून तपासण्याची व्यवस्था. सर्व्हरपाशी हजार बोर्ड नसल्यामुळे तो फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेल्या क्यूएमूची, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याचा आभास निर्माण करणाऱ्या प्रोग्रामची, मदत घेतो. मिप्सचा माल्टा नावाचा जुना बोर्ड अशा रीतीने 32 आणि 64 बिट, तसेच संख्यालेखनाचे दोन्ही पंथ मिळून चार अवतारांत परीक्षेला बसतो, आणि चारही वेळा प्रत्यक्षात गैरहजर असतो.

अडचण अशी की आभासी बोर्ड फार सज्जन असतात. खऱ्या बोर्डावर स्मृतीच्या चिपांशी वेळेचे गणित जुळवल्याखेरीज त्यांत एक अक्षरही ठेवता येत नाही, आणि बूटलोडरचे खरे पांडित्य तिथेच पणाला लागते. क्यूएमूत स्मृती पहिल्या क्षणापासून तयार असते. प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये नवा मजकूर आणि मूळ स्मृतीत जुनाच, हा खऱ्या यंत्रांतला छळ तिथे संभवतच नाही, कारण क्यूएमू कॅशची नक्कल करण्याच्या फंदात पडत नाही. उरलेली कसर सँडबॉक्स भरून काढतो: यात यू-बूट हा लिनक्सवरचा साधा प्रोग्राम म्हणून चालवला जातो, म्हणजे संगणक सुरू करण्याची चाचणी केव्हाच सुरू झालेल्या संगणकावर होते. हे हास्यास्पद वाटले तरी निरर्थक नाही. आज्ञांचा अर्थ लावणे, फाइल शोधणे, सही पडताळणे यांतले असंख्य दोष इथेच, काही सेकंदांत आणि फुकट सापडतात.

चाचण्यांमध्ये झोपेची एक चाचणी आहे. यू-बूटला तीन सेकंद झोपण्याची आज्ञा देऊन तो वेळेवर उठतो की नाही, हे बाहेरच्या घड्याळावर पाहतात; सर्व्हरवर गर्दी झाली की झोप लांबते आणि निरपराध दुरुस्ती नापास होते. ज्या बोर्डाचे घड्याळ भरवशाचे नाही, त्याच्या मांडणीत तशी नोंद आधीच असल्यास त्याला ही परीक्षा माफ असते.

स्मृतीचे नि कॅशचे जे दोष आभासी बोर्डांवर दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी काही मंडळी खरे बोर्ड फळीवर मांडून सर्व्हरला जोडतात: वीज तोडण्या-जोडण्यासाठी रिले, अक्षरे वाचण्यासाठी सिरियल वायर, आणि मेमरी कार्ड न काढताच ते कधी सर्व्हरच्या तर कधी बोर्डाच्या ताब्यात देणारे एक उपकरण. ‘थांबवायचे असल्यास कोणतीही कळ दाबा’ असे बोर्ड सांगतो तेव्हा ती कळसुद्धा दुसरा प्रोग्रामच दाबतो. एवढी स्वयंचलित व्यवस्था झाल्यावर चाचणी अडली, तर दोष बदलात आहे की वायर सैल झाली आहे, हे पाहण्यासाठी कोणाला तरी खुर्चीवरून उठावे लागते.