टू बीएचकेतला कलावंत : खारघरवासीयांसाठी काही सूचना

कलावंत व्हायला प्रतिभा लागते असा एक समज आहे. खारघरात तरी लागतं ते डायनिंग टेबल. त्याची भिंतीकडची बाजू कायमची ताब्यात घ्यावी आणि घरच्यांना उरलेल्या अर्ध्यात जेवायची सवय लावावी. सिडकोने हा नोड आखताना इथे उत्सव चौक आला, शिल्प चौक आला, गोल्फचं मैदानही आलं. फ्लॅटमध्ये रंग सांडायला एक कोपरा ठेवायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे आधी टेबल, मग कला.

पात्रतेचं फार मनावर घेऊ नये. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ए ग्रेड असेल तर ते प्रमाणपत्र आईने जपून ठेवलेलं असेलच, ते मागवून घ्यावं. बी ग्रेड असेल तर परीक्षकांना आपली शैली कळली नाही असं सांगावं. सी ग्रेडवाल्यांनी थेट अमूर्त चित्रांकडे वळावं, तिथे कुणी विचारत नाही.

साहित्य आणायला हार्बर लाइनने मशीद बंदरला उतरावं आणि चालत अब्दुल रहमान स्ट्रीट गाठावी. रविवारी जाऊ नये. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो आणि त्या भागातली बरीच दुकानंही बंद असतात; कलेच्या प्रांतात एवढा समन्वय दुसरीकडे कुठे आढळत नाही. यादी घेऊन जावं आणि ती पर्समधून बाहेर काढू नये. पांढरा अ‍ॅक्रिलिक संपला म्हणून गेलेल्या बाईने रेझिनचे साचे, दोन किलो काचेचे मणी, सोनेरी वर्खाची वही आणि कशासाठी ते नंतर ठरवू अशी एक लेस घेऊन परत यावं, ही या रस्त्याची रीत आहे. पांढरा रंग राहतोच. तो सेक्टरातल्या स्टेशनरीच्या दुकानात दुसऱ्या दिवशी छापील किमतीला मिळतो.

आता माध्यम. इथे हवामानाचा विचार करावा लागतो आणि तो खरोखरच गंभीर आहे. तैलरंग वाळतात म्हणजे त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. याला कोरड्या दिवसांतही कित्येक दिवस जातात. जुलैत, डोंगरावरून ढग थेट बाल्कनीत येतात तेव्हा, कॅनव्हास वाळण्याआधी त्याच्या पाठीला बुरशी धरते. अ‍ॅक्रिलिक एरवी अर्ध्या तासात सुकतो, पण पावसाळ्यात तोही निवांत असतो. रेझिन तर दमट हवेत ओतूच नये. वर तेलकट, धुरकट साय धरते आणि आतला सुंदर निळा समुद्र मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. तो तरीही विकायचा असेल तर ‘धुक्यातलं अलिबाग’ असं नाव द्यावं.

चित्र अपुरं राहिल्याची खंत करू नये. घरात कुणी टोमणा मारलाच तर खिडकीतून मेट्रो दाखवावी. बेलापूर ते पेंधर मार्गाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. तुमचा निसर्गदेखावा फक्त गेल्या दिवाळीपासून पडून आहे.

विषयासाठी लांब जायला नको. पांडवकड्याचा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथे जायला बहुतेक वर्षी बंदी असते, म्हणून तो लांबूनच काढावा. लांबून काढलेल्या पाण्यात तपशील लागत नाहीत, हा फायदा. माणूस काढायचा असेल तर मॉडेल घरचंच घ्यावं. यात कमीपणा नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जे जगप्रसिद्ध चित्र काढलं, त्यात उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. चित्र जलरंगातलं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते राजा रविवर्म्याचं आहे असं छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक सोसायटीत भेटतात. रविवर्मा 1906 मध्ये गेले, चित्र 1940 च्या दशकातलं. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. मुलीला क्लासला जाण्याआधी उभं करावं, आणि सही मोठी करावी.

वारलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण खारघरात वारलीचे कोस्टर नसलेलं घर दाखवणं अवघड आहे. कृती सोपी समजली जाते: एमडीएफचा गोल तुकडा, गेरूच्या रंगाचा हात, पांढऱ्या पेनने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. झाला माणूस. तारप्याच्या नाचात जागा संपली की शेवटच्या दोघांचे पाय कापले तरी चालतात, वर चहाचा कप येणारच असतो. मूळ चित्रं डहाणू-तलासरीकडे कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने निघत. लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत आणि त्यात पालघट देवी बसवत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं विधीबाहेर आणून जगभर नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा कोस्टर जरूर करा; खाली ‘माझं ओरिजिनल डिझाइन’ एवढं मात्र लिहू नका. विडंबनालाही मर्यादा असतात.

दागिने हा मात्र हमखास मार्ग, कारण त्याला भिंत लागत नाही, गळा लागतो. सुरुवात कानातल्यांपासून करावी. पॉलिमर क्लेची कानातली ओटीजीमध्ये साधारण 130 अंशांवर भाजतात. त्यापुढे काटा गेला तर क्ले करपते, नको तो धूर घरभर होतो आणि सासूबाई नानकटाईची आठवण काढतात. क्लेचा ट्रे कायमचा वेगळा ठेवावा. टेराकोटाचा मोह आवरावा. मातीचे झुमके सावलीत वाळवून भुशात भाजायचे असतात, आणि बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंडीत भुसा पेटवणाऱ्या कलावंताची कदर सेक्रेटरीसाहेब ज्या शब्दांत करतात ते इथे छापता येत नाहीत.

ठुशी ओवायला घ्याल तर रात्री घ्या. मणी बारीक असतात, पंखा बंद लागतो, आणि घरच्यांपैकी कुणीही ‘अगं, माझं ते कुठंय?’ असं विचारायला जागं नसावं लागतं. डाव्या हातात पक्कड, उजव्या हातात तार, दातात कडी. कडी उघडताना ती ओढून फाकवायची नसते, एक टोक पुढे आणि एक मागे असं पिळायचं असतं. फाकवली की पुन्हा नीट मिटत नाही आणि पदक बरोबर लग्नाच्या हॉलमध्ये गळून पडतं. तांब्या-पितळेचे हुक घामाने हिरवे होतात, गिऱ्हाइकाच्या कानासकट. फॅशन शिकवणारी निफ्ट खारघरातच आहे, हेही लक्षात असू द्या. तिथल्या मुली जाता-जाता तुमच्या गळ्याकडे बघतात ते कौतुकाने नव्हे, मागची गाठ कशी मारलीय ते बघायला.

यानंतर येते खरी अवघड कला, किंमत लावण्याची. समजा एका जोडाला साठ रुपयांचं सामान लागलं आणि तीन तास गेले. तासाला शंभर रुपये धरले, जे कुठलीही स्वयंपाकाची बाई तोंडावर नाकारेल, तरी किंमत तीनशे साठ होते. हा हिशोब कागदावर मांडावा, नीट बघावा आणि टाकून द्यावा. कारण स्टॉलवर पुढचं संभाषण होतं.

“केवढ्याला गं?”

“तीनशे साठ, काकू.”

“बाई गं! स्टेशनबाहेर पन्नासला मिळतात.”

“हे हातानं केलंय, काकू.”

“तेच म्हणते मी. घरीच केलंस ना? मग खर्च कसला?”

इथे शांत राहावं. हातात धरलेला झुमका काकू उजेडात फिरवून बघतात, मणी मोजतात, त्याच रंगाचं दुसरं आहे का विचारतात आणि शेवटी एक फोटो काढून नेतात. त्यांची भाची हुशार आहे, ती बघून करेल. याच काकू मॉलमध्ये नऊशे नव्व्याण्णवची चिठ्ठी वाचून गुमान कार्ड पुढे करतात. मशीनने केलेल्या वस्तूशी कुणी भाव करत नाही, कारण मशीन घरी बसून असतं असं कुणाला वाटत नाही.

बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे गावोगावचे कारागीर माल मांडून बसतात. हौशी कलावंताने एक दुपार तिथे जाऊन नुसतं बसावं. गिऱ्हाइकाने निम्मी किंमत सांगितली की ते रागावत नाहीत, हसत नाहीत, समजावत नाहीत. वस्तू परत कापडावर ठेवतात आणि पुढच्याकडे बघतात. हे जमलं की शिक्षण पूर्ण. जहांगीर आर्ट गॅलरीच्या तारखेचा अर्ज नंतर भरला तरी चालेल, तिथे तसंही वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

भेटवस्तूंबाबत नियम एकच: पहिली फुकट द्यावी, दुसरीचे पैसे घ्यावेत, तिसरी मागणारी व्यक्ती नात्यात असली तरी क्यूआर कोड दाखवावा.

दिवाळीच्या ऑर्डरी घटस्थापनेपर्यंतच घेतल्या जातील. निम्मे पैसे आधी. रंग बदलून मिळणार नाही, आणि काकूंनी फोटो काढू नये ही विनंती.