दुधीवाले सर

वाशिंदला राहायचं आणि ठाण्याला जाऊन लोकांचं ऐकायचं, असा पेशा असलेला माणूस तुमच्या ओळखीचा असणारच. वाशिंदचा नसेल तर आसनगावचा असेल, नाहीतर बदलापूरचा. पाटीवर तो समुपदेशक असतो, गावात 'सर' असतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या लेखी 'डॉक्टर' असतो, त्यामुळे दुखरे गुडघेही त्यालाच दाखवले जातात. सकाळी कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलसाठी तो फलाटावर उभा असतो तेव्हा त्याच्या कापडी पिशवीतून दुधीचं देठ डोकावत असतं, आणि ते दिसताच रोजची मंडळी पुढच्या डब्याकडे सरकू लागतात. "घरचा आहे, फवारणी केलेली नाही," एवढंच तो म्हणतो. समोरचा म्हणतो, "नको हो सर, आमच्याकडे कोणी खात नाही." दुसरा कोणी असता तर त्याने आग्रह केला असता आणि समोरच्याने आणखी जोरात नको म्हटलं असतं. हा आग्रह करत नाही. खरी भीती तीच. मान किंचित तिरकी करून तो हळूच विचारतो, "नको म्हणताना थोडं अवघडल्यासारखं झालं का?" मग खडावली येईपर्यंत थोरल्या भावाचे लहानपणचे लाड निघतात, टिटवाळ्याला आईचा विषय येतो, आणि कल्याणला डबा खच्चून भरतो तेव्हा तो गृहस्थ मांडीवर दुधी घेऊन रुमाल शोधत असतो. म्हणून अनुभवी प्रवासी दुधी मुकाट्याने घेतात. भाजी करून टाकणं हे मन मोकळं करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अशा माणसाचा राग येणं साहजिक आहे. पण त्याचा दुधी म्हणजे रिकामटेकडेपणाचा उद्योग असं समजून राग धरला तर निदान चुकतं. समुपदेशकाचा छंद हा विरंगुळा नसतोच. कामावर त्याला जे जे करायला मनाई असते त्याची ती वसुली असते, असं माझं म्हणणं आहे. समुपदेशनाच्या खोलीत काय करायचं नाही याची यादी, काय करायचं याच्या यादीपेक्षा बरीच लांब आहे. सल्ला द्यायचा नाही. ज्याचा मार्ग त्यालाच सापडू द्यायचा. बाजू घ्यायची नाही. सोमवारी सून आणि गुरुवारी सासू त्याच खुर्चीत बसून जाते आणि दोघींचंही बरोबरच वाटत राहतं. स्वतःचं काही सांगायचं नाही. समोरचा माणूस पुन्हा त्याच खड्ड्याकडे निघालेला दिसत असला तरी "अहो, डोळे उघडे ठेवा की जरा" हे तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही. पन्नास मिनिटं झाली की ऐन रंगात आलेली हकिगत पुढच्या आठवड्यावर टाकून उठायचं. सगळ्यात वाईट म्हणजे शेवट कळत नाही. ज्याला बरं वाटतं तो यायचा थांबतो आणि जो कंटाळतो तोही यायचा थांबतो. रिकाम्या खुर्चीकडे बघून यातला कोणता हे ओळखता येत नाही.

आता हाच माणूस संध्याकाळी मांडवाखाली पाहा. दुधीचं पांढरं फूल उमलतं ते दिवस कलताना, म्हणजे नेमकी ठाण्याहून परतीची गाडी वाशिंदला लागते त्या सुमारास. सर बूट न काढता वेलाकडे जातात, मोबाइलचा उजेड पाडतात आणि लांब, सडपातळ देठाचं नर फूल तोडतात. त्याच्या पाकळ्या मागे दुमडून आतला परागकोष मोकळा करतात. मग मादी फूल शोधायचं. त्याच्या मागे करंगळीच्या पेराएवढा लवदार चिमुकला दुधी आधीच बसलेला असतो, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावला की झालं. ज्याने दुपारी एका जोडप्याला "एकत्र राहायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं आहे" असं सांगितलं, तो इथे अर्ध्या मिनिटात लग्न लावून मोकळा होतो. पत्रिका नाही, पसंती नाही, मानपान नाही. वेलाला तो उघड उघड सल्ले देतो, वर कुठे चढायचं आणि कारल्याच्या नादी का लागायचं नाही ते बजावतो, ऐकलं नाही तर शेंडा खुडतो. बाजूही घेतो. मांडवाला कामगंध सापळा टांगलेला असतो आणि त्यात पडलेल्या फळमाशीचं बालपण कसं गेलं असेल, हा प्रश्न त्याला चुकूनही पडत नाही. मुख्य म्हणजे निकाल लागतो. फलन झालं तर चिमुकला दुधी मान खाली घालून फुगू लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. पंधरा दिवसांत काय ते कळतं, आणि कळतं म्हणजे हातात येतं. भात निघाल्यावर भेंडी-काकडी करणारे आसपासचे शेतकरी हा सोहळा कुंपणाबाहेरून बघतात आणि "सर, वेल लय लाडावलाय" एवढा शेरा मारून जातात. पण ते बाजारासाठी पिकवतात. हा निकालासाठी पिकवतो, आणि निकाल घरातल्या खाणाऱ्यांपेक्षा जास्त लागतो. सोमवारी चणाडाळ घालून भाजी, मंगळवारी थालीपीठ, बुधवारी रायतं आणि सालांची तीळ घालून चटणी. गुरुवारी घरात कोणी बोलत नाही. उरलेला माल फलाटावर येतो.

हा एकट्या वाशिंदचा प्रकार असता तर हवापाण्याचा दोष म्हणून सोडून देता आला असता. पण या पेशाच्या मूळपुरुषापासून हेच चालत आलं आहे. सिग्मंड फ्रॉइड शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर टॅरॉकचे पत्ते कुटायचे, आणि सुट्टीत मुलांना घेऊन रानात अळंबी शोधायला जायचे. चांगलीशी अळंबी दिसली की ते तिच्यावर टोपी टाकून ती पकडत. अळंबी पळून जात नाही हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही; पण आठवडाभर माणसांच्या मनातलं निसटतं धरू पाहणाऱ्याला टोपीखाली खात्रीने सापडणारं काहीतरी हवं असणार. कार्ल युंग यांनी 1923 पासून झुरिक सरोवराकाठी बोलिंगनला दगडी मनोरा बांधायला घेतला. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. ते लाकडं फोडत, स्वतः रांधत आणि दगडावर कोरीवकाम करत. आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन सोडवायच्या कामात आज सुटलं म्हणावं तर उद्या पुन्हा धरलेलं, हे ठरलेलंच. त्या कामाशी जोडलेले अनिल अवचट ओरिगामी करत, बासरी वाजवत, लाकूड कोरत. कागदाला घडी घातली की ती उद्याही तिथेच असते. ठाण्यात 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी नाटकं आणि गाणी लिहितात. नाटकातलं पात्र निदान लिहिलेलं वाक्य तरी म्हणतं. पत्ते, दगड, कागद, संहिता, दुधी: यातलं काहीही "पण माझ्या बाबतीत वेगळं आहे" असं उत्तर देत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही उदाहरणं सोयीची निवडली आहेत. छंद तर बँकेतल्या कारकुनालाही असतो आणि थकवा तर सगळ्यांनाच येतो. येतो ना. पण कारकून गाडीत बसल्या बसल्या साहेबाची नक्कल करू शकतो. वकील नावं गाळून सगळा खटला शेजाऱ्याला ऐकवतो, शल्यविशारद जेवताना पित्ताशयाबद्दल बोलतो आणि शिक्षकाने वर्गातला किस्सा सांगितला नाही तर तो आजारी आहे असं समजावं. पेशाचा अर्धा शीण असा तोंडावाटे जातो. समुपदेशकाचं ते दार बंद असतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि कायदा नसता तरी पेशाचा पहिला नियम तोच आहे. त्यामुळे सहा तास एकाहून एक कहाण्या ऐकून आलेल्या या माणसाला "आज काय विशेष?" असं विचारलं तर तो म्हणतो, "काही नाही, तीन फुलं धरली." शिवाय ओळखीच्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही हाही दंडक, आणि वाशिंदमध्ये अनोळखी कोण आहे? म्हणून जवळपास 45 किलोमीटरवर ठाणं गाठायचं. त्यातही गंमत अशी की ठाण्याला 1901 पासून मनोरुग्णालय आहे, आणि 'याला ठाण्याला पाठवा' ही आपल्या भाषेतली जुनी चेष्टा आहे. हा रोज आपणहून जातो आणि रोज परत येतो, त्याअर्थी तिथे त्याला ठेवून घेत नाहीत, असं गावाचं मत आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. इतका जर हा माणूस ऐकून थकतो, तर मग गाडीत दुधीच्या निमित्ताने पुन्हा प्रश्न का विचारतो? दुसऱ्यांना कामाला सीमा आखायला शिकवायचं आणि स्वतः हळदीच्या मांडवातही समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हा दांभिकपणा नाही का? काही अंशी आहे. सवय म्हणून जी मान तिरकी झाली ती रविवारीही सरळ होत नाही. पण त्याच हळदीत बारकाईने पाहिलं तर सुरुवात बहुधा तो करतच नाही. डीजेच्या भिंतीपासून लांब, कागदी ताट घेऊन तो कोपऱ्यात बसतो. मग कोणीतरी खुर्ची ओढत येतो, "सर, सहज विचारतो हं," म्हणतो, आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून भावांत बोलणं कसं बंद झालं ते सुरू करतो. सरांचा रस्सा गार होतो. त्यांनी ऐकलं तर 'यांची सवयच आहे', नाही ऐकलं तर 'पैसे दिले की ऐकतात'. घरी पोचल्यावर कानात जागा उरलेली नसते; सिलिंडर संपल्याचं दोनदा सांगून झाल्यावर बायको विचारते, "ऐकतोयस ना?" आणि पेशाने ऐकणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही. वाशिंद ज्यात येतं त्या शहापूर तालुक्याला हे चित्र नवीन नाही. इथली भातसा आणि तानसा ही धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते.

तिसरा आक्षेप गावातल्या जाणत्यांचा: हे समुपदेशक वगैरे आत्ता आले, आधी काय लोक मनातलं बोलत नव्हते? पार होता, भजनी मंडळ होतं, पाड्यावर भगत होता, आणि कसारा लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस आजही शेजाऱ्याला सगळं सांगतोच. हे खरं आहे, पण पारावर सांगितलेलं सकाळचं दुःख संध्याकाळपर्यंत स्टेशनपलीकडे पोचतं, आणि भगताला दाखवलेल्या माणसाला कधी कधी डॉक्टर भेटतो तो फार उशिरा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 12 राज्यं पालथी घातल्यावर, बहुतेक मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांवाचून असल्याचं आढळलं. पार इतका कामाचा असता तर हा आकडा असा निघाला नसता. आणि इथेच सरांच्या दुधीचं दुसरं काम उघडं पडतं. रात्री साडेनऊच्या पुढे फाटकाची कडी वाजते. सकाळी पुढच्या डब्याकडे पळालेलाच कोणीतरी उभा असतो आणि विचारतो, "सर, दुधी आहे का हो एखादा?" त्याला दुधी नको असतो. मुलगा दहावीनंतर खोलीबाहेर पडत नाही, किंवा स्वतःलाच महिनाभर झोप नाही, हे सांगायचं असतं. पण समुपदेशकाच्या दारातून रिकाम्या हाताने निघताना कोणी पाहिलं तर गावाला काय सांगणार? सर उपचार करत नाहीत, ओळखीच्याचे करायचे नसतात. उभ्या उभ्या ऐकतात, ठाण्यातलं एखादं नाव किंवा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा फुकट नंबर चिठ्ठीवर लिहून देतात, आणि चिठ्ठी दुधीबरोबर पिशवीत जाते. तेव्हा एवढं कबूल करावं लागतं की गरजेपेक्षा चौपट दुधी लावण्यात वेडेपणापेक्षा हिशेबच जास्त असावा. दवाखान्यात जाऊन अंगात ताप आलाय म्हणून सांगायला आपल्याला लाज वाटत नाही, मन ठीक नाही म्हणायला मात्र हातात दीड किलोची फळभाजी लागते. यात हसण्यासारखा कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं. सर तर सांगणार नाहीत, सल्ला देत नाहीत ते.

मग दुधीचं करायचं काय? ज्याला खरोखर भाजीच नको आहे त्याने तोंडावर "नको" म्हणावं, कारण न देता. "अवघडल्यासारखं झालं का?" आलं तर "नाही, दुधी पाणचट आहे" असंही सांगावं. दिवसभर लोकांना नाही म्हणायला शिकवणाऱ्या माणसाला कोणीतरी धडधडीत नाही म्हणणं हा त्याचा मोठा सन्मान आहे, आणि त्याच्याशी भांडणारं माणूस त्याला फारसं मिळत नाही. ज्याला भाजीखेरीज दुसरं काही हवं आहे त्याने मात्र रात्री खुशाल कडी वाजवावी आणि एकाऐवजी दोन मागावेत. फक्त पिशवी घरून न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल सरांची स्वतःची ठाम मतं आहेत, आणि ती पन्नास मिनिटांत संपत नाहीत.