एकशे सत्तावीस दात्यांचे काका

ज्या माणसाच्या बोटांच्या पेरांतलं काळं सत्यनारायणाच्या पूजेपुरतंही निघत नाही, आणि ते काढायला जो साबण न मागता निरम्यात लाकडाचा भुसा कालवून मागतो, तो लेथवाला काका आहे असं खुशाल समजावं. चिंचवड, थेरगाव, भोसरी या पट्ट्यात हे काका गल्लीगणिक सापडतात. नाशकात सातपूर-अंबडच्या आसपास आहेत, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर विचारायलाच नको. उभा जन्म टूलरूममध्ये गेलेला असतो. निरोप समारंभात कंपनीने दिलेलं घड्याळ भिंतीवर लागायच्या आधी त्यांनी ते उघडून पाहिलेलं असतं, आणि आतल्या प्लॅस्टिकच्या चाकांबद्दल आठवडाभर कुणाशी धड बोललेले नसतात.

फंडाच्या पैशांतून लोक चारधाम करतात, मुलाच्या फ्लॅटला हातभार लावतात. आमच्या सोसायटीतल्या काकांनी साडेचार फुटी जुना लेथ घेतला. घेतला म्हणजे भंगारात, बिडाच्या भावाने, किलोवर.

ही खरेदी बघण्यासारखी असते. बैलबाजारात मुरलेला शेतकरी जसा आधी जनावराचा जबडा उघडतो, तसे काका थेट बॅक गिअरचे दाते बघतात. मग चकाजवळच्या बेडवरून नख फिरवतात. लेथवरचं बहुतेक काम चकाजवळच चालतं, त्यामुळे बेड तिथेच खातो आणि नखाला झिजेची कड लागते. मग स्पिंडलमध्ये पहार घालून, वर उचलून बेअरिंगचा ढिलेपणा. एवढा वेळ चेहऱ्यावर कमालीची नाराजी. काकांची नाराजी जितकी जास्त तितका माल पसंत, हे भंगारवाल्याला बापापासून ठाऊक असतं. म्हणून काकांनी तोंड वाकडं केलं की तो किलोमागे दोन रुपये वाढवतो.

अर्ध्या टनाचं ते धूड चेन ब्लॉक, पाइपांचे तुकडे आणि वाटेत भेटलेले चार परोपकारी लोक यांच्या मदतीने छोट्या हत्तीतून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं. काकांची गाडी त्या दिवसापासून बाहेर पावसात उभी असते. कमिटीने ‘निवासी आवारात कारखाना’ अशी रीतसर नोटीस काढली होती. पण त्याच आठवड्यात सोसायटीच्या मोठ्या गेटची बिजागरी तुटली आणि कुणी न सांगता काकांनी तिच्यात गनमेटलचा बुश बसवून दिला. गेट आता एका बोटाने उघडतं. नोटीस सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि गेट करकरायला लागेपर्यंत ती तिथेच राहील.

लेथ आला म्हणजे चालू झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस ओळखलाच नाही. आधी तो पूर्ण खोलायचा. गंज काढायला पिंपात पाणी, पाण्यात काकूंचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. गंज सुटत जातो आणि पट्टी खलास होते. धन बाजूला स्टेनलेस स्टील मात्र लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. हे ऐकून काकूंना आयुष्यात पहिल्यांदा रसायनशास्त्राबद्दल आदर वाटला, कारण त्यांचे डबे वाचले.

नावाची पट्टी नसलेला प्रत्येक लेथ मुळात विलायती असतो, अशी या जमातीची श्रद्धा आहे. आमचे काकाही रंगाचे थर खरवडत राहिले. हिरव्याखाली करडा, करड्याखाली पुन्हा हिरवा, त्याखाली लांबी. शेवटी बिडातली उठावाची अक्षरं दिसली: बटाला. पंजाब. काका क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “पंजाबी बीड! याला तोड नाही.” त्या दिवसापासून विलायती लेथ कसे नाजूक असतात हे ते सांगतात. त्यांच्या देवघरात तसे दोनच देव. किर्लोस्करांनी 1941 मध्ये हरिहरला काढलेला मशीनचा कारखाना हा एक, आणि बंगळूरला 1953 मध्ये निघालेली एचएमटी हा दुसरा. लोक एचएमटी म्हटलं की मनगट दाखवतात याचा त्यांना मनस्वी राग आहे. “घड्याळं नंतर आली हो. आधी लेथ!”

जोडलेला लेथ महावितरणच्या एका फेजवर तीन फेजची मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हने सुरू झाला, आणि खरा आनंद पुढे आला. तो निमुळतं कापू लागला. सरळ दांडा लावला तर एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड. असं काही घडलं की काकांची तब्येत सुधारते. औषधं विसरतात, पण रक्तदाब बरा असतो. पुतण्या एका कारखान्यात सीएनसी चालवतो, तो म्हणाला, “काका, ऑफसेट टाकायचा.” काकांनी त्याला चहा दिला, पण पुढचं काही विचारलं नाही. चूक झाकून माप मिळवणं ही त्यांच्या लेखी चोरी. काम व्हावं एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. का होत नव्हतं ते कळलं पाहिजे. ते कळलं की कामात त्यांचा जीव रमत नाही, हा पुढचा भाग झाला.

कारण सापडलं पायात. पार्किंगची फरशी उतरती. बिडाचा बेड कितीही दणकट दिसला तरी एक पाय अधांतरी राहिला की पिळवटतो, आणि तो पीळ दांड्यावर उतरतो. पायाखाली पातळ पत्रा सारत जायचा, दांडा कापून मोजायचा, पुन्हा सारायचा. या कामाला बिअरच्या कॅनचा पत्रा अव्वल: साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा, एकसारखा आणि फुकट. काकांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. पण ते पहाटे कचऱ्याच्या डब्यातून कॅन वेचताना दोघांना दिसले, आणि मग दुपारी कॅनवरच्या मजकुरासकट पाहणी करताना आणखी कुणाला. महिला मंडळात काकूंना खालच्या आवाजात धीर देण्यात आला. काकूंनी तो घेतला. “पत्र्यासाठी” हे खरं कारण सांगितलं तर लोकांचा संशय वाढेल, एवढं त्यांना कळतं.

काकूंची या सगळ्या प्रकरणात एकच मागणी होती. गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कडीचा बारा मिलिमीटरचा बोल्ट झिजला होता. “अहो, एवढा लेथ आणलाय, तर तेवढा बोल्ट करून द्या.” बोहरी आळीत असे बोल्ट तराजूवर घालून मिळतात. पण घरात लेथ असताना विकतचा बोल्ट म्हणजे काकांच्या घराण्याचा अपमान.

गोची अशी की लेथ इंची. देशाने 1956 मध्ये मेट्रिकचा कायदा केला, पण तो लेथला कुणी वाचून दाखवला नव्हता. लीडस्क्रूला इंचात चार आटे, बोल्टाला हवा 1.75 मिलिमीटरचा पिच. इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, 25.4 ला पाचाने गुणलं की 127. म्हणजे इंची स्क्रूवर मिलिमीटरचे तंतोतंत आटे पाडायचे, तर गिअरांच्या जोडणीत 127 दात्यांचं चाक हवंच. आणि 127 ही मूळ संख्या, तिला ना अर्धं ना पाव. जुन्या लेथबरोबर सगळी चाकं येतात, हे एक सोडून. बहुधा पहिल्याच मालकाकडून ते हरवतं.

तडजोड नसते असं नाही. 47 आणि 37 दात्यांची जोडी लावली तर मीटरभर लांबीत सुमारे दोन दशांश मिलिमीटरची चूक येते. दीड इंची बोल्टात ती केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. झोपाळ्याला आणि काकूंना ती कळण्याची शक्यता नव्हती. “पण मला कळेल ना,” काका म्हणाले, आणि जुन्या बाजाराच्या रविवार-बुधवारच्या वाऱ्या सुरू झाल्या. राजकोटला फोन गेले. चाक मिळालं नाही. मग ते करायचं ठरलं, तर तिथेही अडलं. साध्या डिव्हायडिंग हेडवर 127 भाग पडत नाहीत. ते पाडायला 127 भोकांची प्लेट लागते, आणि ती पाडायला आधी 127 भाग पाडता यावे लागतात. या चक्रात भलेभले मशीन विकून मोकळे होतात. काका त्या रात्री शांत झोपले, असं काकू सांगतात. इतके खूश ते मुलाच्या लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची शिवणाची टेप दीडशे सेंटिमीटरवरून तेवीसवर आली होती. काकांनी बरोबर 127 सेंटिमीटरवर कात्री चालवली होती. उलटून मोजलं तर 50 इंच. नातवंडांच्या मोडक्या कॅरम बोर्डातून 404 मिलिमीटर व्यासाची चकती कापून त्यांनी तिच्या कडेवर टेप गुंडाळली, आणि टोकाला टोक भिडलं. चकती स्पिंडलमागे बसवून, एकेका सेंटिमीटरला थांबत पत्र्याच्या प्लेटमध्ये 127 भोकं पाडली. टेपेत आणि हातात जी काही बारीक चूक असेल, ती पुढे डिव्हायडिंग हेडमध्ये चाळिसाव्या हिश्शावर येते, कारण तिथे हँडलच्या चाळीस फेऱ्यांना काम एकदा फिरतं. भोसरीतल्या मित्राच्या मिलिंगवर दाते कापून झाले तेव्हा शेवटचा दाता पहिल्यासमोर जिथे यायचा तिथेच आला. काकांनी ते चाक जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून सिटी बसने आणलं. रिक्षाला धक्के फार.

आणि खंडेनवमीला, झेंडूच्या माळा घातलेल्या लेथला हात लावायचा नाही म्हणून दिवसभर येरझारा घालून, दसऱ्याला बोल्ट झाला. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफनट एकदा पकडला की शेवटपर्यंत सोडता येत नाही. दर कापाला मोटर उलटी फिरवून मागे यायचं. काकांनी घाई केली नाही. आटे आरशासारखे. गेज लावला, कुठेही उजेड दिसला नाही.

तो बोल्ट हातरुमालात घेऊन काका वर गेले तेव्हा काकू झोपाळ्यावर बसून भेंडी चिरत होत्या. गणपतीच्याही आधी त्यांनी बोहरी आळीतून बोल्ट आणून, समोरच्या मुलाकडून बसवून घेतला होता. काकांच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण गॅलरीत त्यांचं काही काम नसतं. वाद झाला नाही. काकांनी फक्त पिच गेज आणि पाना मागवला, काकूंना दोन मिनिटं उठायला सांगितलं, आणि तो बाजारू बोल्ट तपासायला म्हणून खाली काढला. त्यात त्यांना भलतंच काही सापडलं. झोपाळा आता दिवाळीपर्यंत जोडून मिळेल.