सहाध्यायी-भावनशास्त्र : एक प्रास्ताविक

इयत्ता नववीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाच्या वह्यांची अदलाबदल होऊन ‘एकमेकांचे वाचा आणि शेरा लिहा’ अशी गुर्वाज्ञा झाली असता जी वाङ्मयीन क्रिया घडते, तिला ‘सहाध्यायी-भावन’ म्हणावे. लक्षण : समान इयत्ता, समान विषय व समान अज्ञान असलेल्या दोन जीवांपैकी एकाने दुसऱ्याच्या निबंधाखाली पेन्सिलीने केलेले सहेतुक लेखन. ‘सहेतुक’ हे पद समासातील फुलापानांच्या व्यावृत्तीसाठी.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावक, म्हणजे काव्याची पारख करणारे, चतुर्विध मानले आहेत. पोटभेद मात्र आमचे.

१. सतृणाभ्यवहारी. गवतासकट सर्व गिळणारा. याचा शेरा ‘छान’. यात दोन संप्रदाय : केवलछानवादी व विशिष्टछानवादी. उत्तरोक्त ‘खूप छान’ लिहितात. केवलछानवाद्यांच्या मते ‘छान’ हे निर्विशेषच असते. विशेषण जोडल्यास निबंध वाचल्याचा संशय येतो. हा आक्षेप अद्याप अनुत्तरित आहे.

२. अरोचकी. यास काहीच रुचत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या अठरा नियमांपैकी (१९६२ चे चौदा, १९७२ चे चार) यास एकच अवगत असतो : अंत्य इकार दीर्घ. त्याच्या बळावर तो प्रत्येक ‘आणि’चा ‘आणी’ करतो. त्या नियमाला ‘आणि’ हा अपवाद आहे, ही वार्ता त्याच्या बाकापर्यंत पोहोचलेली नसते.

३. मत्सरी. सूत्र : ‘गाईडमधून घेतलंस ना?’ निबंधास लाभणारी ही सर्वोच्च मान्यता होय.

४. तत्त्वाभिनिवेशी. हा हजारात एखादाच, असे राजशेखर म्हणतो. पट साठाचा धरल्यास सतरा तुकड्यांत एक. याच्या शेऱ्याचा उपलब्ध नमुना असा : ‘दुसऱ्या परिच्छेदात तुझी आजी छत्री शोधायला माळ्यावर चढली. पुढे काय झालं? तिथे अजून दोन ओळी लिही.’ यात स्थाननिर्देश, जिज्ञासा व उपाय ही तिन्ही अंगे विद्यमान असून अक्षराची निंदा नाही. शास्त्राचे प्रयोजन हेच.

ही सिद्धी अभ्यासाने प्राप्त होते काय? एक तासभर ‘छान’ला बंदी घालावी, असा उपाय सांगितला जातो, त्याने केवलछानवादी ‘मस्त’वर जातात. शेऱ्यात ओळीचा क्रमांक अनिवार्य करणे अधिक फलदायी, कारण त्यासाठी निदान ओळी मोजाव्या लागतात.

वरील नमुन्याच्या फलाविषयी मात्र मतभेद आहेत. निबंधकर्त्याने शेवटी ‘आजी खाली आली.’ अशी भर घातली. प्राचीनांच्या मते भावन सफल झाले. नव्यांचे म्हणणे असे की छत्री सापडली की नाही हे अनुक्तच राहिले; शिवाय ओळी दोन सांगितल्या होत्या.