समाजवादावर श्रद्धा, प्रतिज्ञापत्रासह

भारतात राजकीय पक्षाला नोंदणी हवी असेल तर आधी श्रद्धा जाहीर करावी लागते. ही श्रद्धा पक्षाने स्वतः शोधायची नसते, कायद्याने ती तयार ठेवलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम २९अ, पोटकलम (५) नुसार पक्षाच्या घटनेत एक ग्वाही असलीच पाहिजे : पक्ष भारताच्या संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर खरी श्रद्धा व निष्ठा बाळगील, आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता राखील. ही तरतूद १५ जून १९८९ पासून लागू आहे. त्याआधी पक्षांना श्रद्धा नव्हती असे नाही. ती ज्याची त्याची वेगळी होती आणि त्यामुळे सरकारदप्तरी तिची नोंद घेणे अडचणीचे होते.

आता ती सोय झाली आहे. पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज जातो. सोबत दहा हजार रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा आणि किमान शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रे लागतात. सभासद मतदार आहे आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षात नाही, एवढे त्यात शपथेवर सांगायचे असते. खरी धावपळ या शंभर जणांना गोळा करण्यात होते. श्रद्धेसाठी धावावे लागत नाही. तो परिच्छेद आधीच्या एखाद्या पक्षाच्या घटनेतून उचलायचा आणि पक्षाचे नाव तेवढे बदलायचे.

अशा रीतीने देशातील सर्व नोंदणीकृत पक्षांची श्रद्धा एकच झाली आहे. भारतीय जनता पक्षाने तर डिसेंबर १९८० च्या मुंबई अधिवेशनातच, कायदा मागे लागण्याआधी, गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता. समाजवाद पक्षाच्या घटनेत अजूनही आहे, फक्त तेथून तो फारसा बाहेर पडत नाही. काँग्रेसने १९८९ मध्ये समाजवादाची ही सक्ती अमलात आणली आणि १९९१ मध्ये लायसन्स-परमिट राज मोडीत काढायला घेतले. श्रद्धेचा परिच्छेद होता तेथेच राहिला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेत श्रमिकांच्या हुकूमशाहीतून समाजवाद आणण्याचे ध्येय सांगितले आहे आणि पुढे एका कलमात लोकशाहीवरील निष्ठाही नोंदवली आहे. शिवसेनेची नोंदणी १९८९ ची. पक्षप्रमुख भर सभेत लोकशाहीपेक्षा ठोकशाहीची महती सांगत आणि कागदोपत्री पक्ष लोकशाहीवर श्रद्धा ठेवून असे. दोन्ही गोष्टी उघडपणे चालत, हे नमूद केले पाहिजे.

या व्यवस्थेत अडचण एकाच प्रकारच्या माणसाने निर्माण केली : वाचून सही करणाऱ्याने. राजगोपालाचारी, मिनू मसानी आदींनी १९५९ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र पक्ष मुळातच समाजवादी धोरणांच्या विरोधात उभा राहिला होता. १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला, तरी महाराष्ट्र शाखेने आपले दुकान बंद केले नाही. या शाखेच्या एस. व्ही. राजू यांनी नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. म्हणणे साधे होते : समाजवाद आम्हाला मान्य नाही, तेव्हा त्यावर श्रद्धा असल्याचे खोटे लिहून देणार नाही. याचिका वर्षानुवर्षे पडून राहिली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी राज्यसभेत गेले तेव्हा त्यांनीही पोटकलमातून समाजवाद काढण्यासाठी खासगी विधेयक आणले. खासगी विधेयकांचे जे होते ते त्याचेही झाले. थोडक्यात, खोटे लिहिणाऱ्यांना नोंदणी आणि खरे सांगणाऱ्यांना तारखा, असा हिशेब जमला.

एकदा जाहीर केलेली श्रद्धा मोडली तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिले. केरळात ‘बंद’ पुकारणाऱ्या पक्षांची नोंदणी रद्द करा, अशी मागणी होती. न्यायालय म्हणाले, आयोगाला तसा अधिकार नाही. अपवाद मोजकेच. नोंदणी फसवणुकीने मिळवलेली असेल, पक्ष बेकायदा ठरवला गेला असेल, किंवा पक्षाने आपल्या घटनेतून ती ग्वाही काढली असेल वा आता आमची या तत्त्वांवर श्रद्धा उरलेली नाही असे स्वतःहून आयोगाला कळवले असेल, तर नोंदणी जाऊ शकते. तत्त्वांशी रोज उठून बेइमानी करणाऱ्या पक्षाला त्यामुळे चिंतेचे कारण नाही, मात्र त्याने तसे पत्र पाठवू नये. श्रद्धा मुळातच खोटी असेल तर ती पहिल्या अपवादातील फसवणूक ठरते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी सोडवावा.

शपथ पाळली जाण्याचे प्रमाण पाहायचे असेल तर दिल्ली सोडून गावच्या सोसायटीची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक पाहावी. मतदानाच्या आदल्या रात्री एखाद्याच्या ओसरीवर ताट मांडतात. ताटात भंडारा, वर बेलाची पाने. भावकीतली पाच-पंचवीस माणसे एकेक करून पुढे येतात, बेलभंडारा उचलतात आणि अमुक पॅनेललाच मत देईन म्हणतात. पॅनेलप्रमुख कोपऱ्यात बसून कोण उचलते आणि कोणाला नेमके तेव्हाच लघवीला जायचे असते, ते बघून ठेवतो. येथे घटना नाही, परिच्छेद नाही, नोटरी नाही, पण हात थरथरतो. शब्द फिरवला तर खंडोबा बघून घेईल, ही धास्ती खरी असते. मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा निवडणूक कायद्यात गैरप्रकार आहे आणि भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. जी शपथ लागू पडते ती बेकायदा आणि जी पडत नाही ती सक्तीची, अशी ही वाटणी आहे.

दरम्यान समाजवादाचा अर्थही सैल करून देण्यात आला आहे. संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातलेले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द काढावेत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळली. भारतात समाजवाद म्हणजे मुख्यतः कल्याणकारी राज्य, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एवढ्या घेराचा अंगरखा कोणालाही बसतो.

नोंदणी अजिबातच जात नाही, असे मात्र नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ पक्ष यादीतून वगळले. त्यांनी २०१९ पासून एकही निवडणूक लढवली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यांवर त्यांची कार्यालये सापडली नाहीत. श्रद्धा जागेवर आहे की नाही, हे पाहायला कोणी गेले नव्हते. अर्जात तिचा पत्ता विचारलेला नसतो. वगळलेल्या पक्षांना अपिलासाठी तीस दिवस देण्यात आले.