मंगळवार मोकळा आहे

वडिलांना जाऊन यंदा दहा वर्षं झाली. तेव्हा पितृपक्षात नेहमीचं जेवण घालण्याऐवजी अनाथ मुलांना जेवण द्यायचं, असं मी सकाळच्या चहाला जाहीर केलं. सौभाग्यवतींनी नुसतं "बरं" म्हटलं. तीस वर्षांच्या संसारानंतर त्या "बरं"चा अर्थ मला कळायला हवा होता.

आता, घारपुरे घाटावरचा आधाराश्रम नाशकात सगळ्यांना ठाऊक आहे. मी गेलो ती संस्था वेगळी, छोटी. तिचं नाव सांगत नाही. माझ्याशी संबंध आल्याचं जगजाहीर व्हावं असा काही गुन्हा त्या लोकांनी केलेला नाही. फोनवर बाई म्हणाल्या, "रविवार नाही, सर्वपित्री तर नाहीच. मंगळवार मोकळा आहे." शिजवलेलं आणू नका, शिधा द्या, स्वयंपाक इथेच होतो, आणि हो, गोड नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं, संकोच. वडिलांचा जिलबी म्हणजे जीव की प्राण! आठ किलोची ऑर्डर देऊन टाकली.

मग ५२ मुलांच्या शिध्याची यादी घेऊन रविवार कारंज्यावर गेलो. चष्मा घरी, स्कूटर भलत्याच गल्लीत, तूरडाळीऐवजी आधी हरभराडाळ घेतली, ती परत करायला निघालो तर पिशवी फाटून अर्धी डाळ रस्त्यावर, ती वेचत असताना एक ओळखीचे गृहस्थ "काय, रिटायर झाल्यावर हे का?" असं विचारून गेले, आणि या सगळ्या धांदलीत यादीतल्या ०.५ किलो हिरव्या मिरचीतलं शून्य आणि टिंब मला दिसलंच नाही. पाच किलो मिरच्या घेतल्या.

मंगळवारी संस्थेच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटायचा हट्ट धरला. मावशींनी माझी पहिली पोळी उजेडात धरून पाहिली आणि मला वाढपात पाठवलं.

पंगतीत पहिलाच मुलगा, असेल नऊ वर्षांचा, समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, आधी मीठ. डावीकडे." मी आयुष्यात जितक्या पानांवर वाढलं असेल, त्याच्या कितीतरी पट दाते त्याने पाहिले होते. पुढे म्हणाला, "भाषण आत्ता करणार की जेवण झाल्यावर?" माझ्या खिशात भाषण होतं. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी चालवलेल्या अन्नछत्रापासून सुरू होऊन ते माझ्यापर्यंत येत होतं. खिशातच राहू दिलं.

फोटोसाठी मोबाइल काढला तर बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बाल न्याय कायदा, २०१५ : मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायचं नाही. बरोबरच आहे. आपलं पुण्य दिसावं म्हणून त्यांचे चेहरे कशाला? मी फॅमिली ग्रुपवर परातीचा फोटो टाकला. त्यात माझा अंगठा आला आहे.

जिलबी वाढायला घेतली आणि पंगत गप्प झाली. "काका, पक्ष चालू आहे ना," एक मुलगी हळूच म्हणाली. "शनिवारी जिलबी, रविवारी गुलाबजाम, काल परत जिलबी. तिखट काही आहे का?"

होतं. पाच किलो मिरच्यांचं करायचं काय म्हणून मावशींनी दाण्याचं कूट आणि लसूण घालून परातभर ठेचा केला होता. त्या ठेच्यावर मोठी मुलं जी तुटून पडली! माझे वडील मिसळीच्या रश्श्यातही दही घालून घ्यायचे. त्यांच्या नावाने त्या दिवशी नाशकात ठेचा वाटला गेला.

निघताना बाईंनी वही उघडली. वाढदिवस, स्मृतिदिन, १५ ऑगस्ट, सगळं गच्च. कुणी जन्मलं नाही, कुणी गेलं नाही, असे मधले वार कोरे. भूक मात्र त्या दिवशीही दोन्ही वेळा लागते. पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी माझं नाव लिहिलं : वरणभात, पोळी, कोबीची भाजी. मिरच्या मावशी आणणार आहेत.

वहीत अजून पुष्कळ मंगळवार मोकळे आहेत. तुमच्याही गावात असतील. फोन करून विचारा आणि सांगतील तेवढंच न्या. जिलबी हवीच असेल, तर सहा किलो आमच्या फ्रीजमध्ये आहे.